कोडमधले मेहताजी

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात एका अडत्याची पेढी होती. मालक जुन्नरकडचे, सगळा बाजार त्यांना आप्पा म्हणे. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागातले शेतकरी संध्याकाळी ट्रक भरत, पहाटे गोण्या गाळ्यावर उतरत, सकाळी विक्री होई आणि दुपारपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी तयार होई. गोण्या किती, काट्यावर वजन किती, दहा किलोला भाव काय लागला, हे पट्टीत वर लिहायचं. मग मोटारभाडं, हमाली, तोलाई, वाराई वजा. आधी उचल घेतली असेल तर तीही वजा. खाली उरेल ती शेतकऱ्याची रक्कम. माल पिकवणारा माणूस घाटापलीकडे असतो. भाव ठरताना तो समोर नसतो, काटाही बघत नाही. त्याच्या हाती येते ती पट्टी, आणि ती पटली तरच त्याचा पुढचा ट्रक त्याच गाळ्यावर लागतो.

२०१२ मध्ये आप्पांनी हा हिशोब संगणकावर आणला. वाशीतल्या एका तरुणाने त्यांना पीएचपीमध्ये वेब ॲप्लिकेशन लिहून दिलं. त्यासाठी त्याने कोडइग्नायटर हे फ्रेमवर्क घेतलं. तेव्हा ते बरोबरच होतं. हलकं, शिकायला सोपं, आणि कुठल्याही स्वस्त होस्टिंगवर चालणारं. पुढे शेतकऱ्याला मोबाइलवर पट्टीची लिंकही जाऊ लागली. काही वर्षांनी तो तरुण परदेशी गेला. ॲप्लिकेशन मात्र चालू राहिलं, आणि जे चालतंय त्याला कशाला हात लावा म्हणून कोणी लावला नाही.

मग एका दिवाळीनंतर होस्टिंगवाल्यांचं पत्र आलं. पीएचपी ५.६ मार्चअखेर आमच्या सर्व्हरवरून जाणार, तुमचं ॲप्लिकेशन त्याआधी हलवा. त्यांचं म्हणणं रास्त होतं. ५.६ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २०१८ च्या अखेरीसच बंद झालं होतं. आणि जुन्या कोडमध्ये डेटाबेसशी बोलायची जी मायएसक्यूएलची फंक्शन्स होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून काढूनच टाकलेली होती. म्हणजे नुसतं उचलून नव्या सर्व्हरवर ठेवलं, तर पहिल्याच पानावर गाडी अडणार.

काम महाप्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीकडे गेलं, आणि तिथल्या एका मुलीकडे सोपवलं गेलं. वय सव्वीस-सत्तावीस, राहायला घणसोलीत. हुशार होती आणि कामाची खरी आवड असलेली होती. तिने लाराव्हेल निवडलं. कोडइग्नायटरची चौथी आवृत्ती २०२० मध्ये आली ती मुळापासून नव्याने लिहिलेली. जुना कोड तिच्यात सरळ बसत नाही, जवळजवळ सगळं पुन्हा लिहावंच लागतं. लिहायचंच आहे तर जिथे माणसं मिळतात, पॅकेजेस मिळतात, तिथे का लिहू नये, हा तिचा विचार योग्य होता. टेलर ऑटवेल यांनी २०११ मध्ये लाराव्हेल आणलं, तेच मुळी कोडइग्नायटरमध्ये त्यांना ज्या सोयी सापडेनात त्या देण्यासाठी.

तिचं काम बघावं असं होतं. कंपोझरने सगळी पॅकेजेस आवृत्तीसकट बांधून घेतली, म्हणजे आज जे चालतं ते उद्या दुसऱ्या यंत्रावरही तसंच चालावं. सर्व्हरचं तोंड फक्त पब्लिक फोल्डरकडे उघडं ठेवलं. पासवर्ड, किल्ल्या, पत्ते कोडमधून काढून ईएनव्ही फाइलमध्ये नेले. डेटाबेसचा प्रत्येक तक्ता हाताने न बनवता त्याची मायग्रेशन लिहिली. तक्ता कसा उभा करायचा हे तिच्यात, आणि चुकलं तर मागे कसं यायचं हेही तिच्यातच.

सगळ्यात अवघड होती ती नावं. जुन्या डेटाबेसचे तक्ते लॅटिन-१ म्हणून बांधलेले होते. २०१८ मध्ये मायएसक्यूएलची आठवी आवृत्ती येईपर्यंत न सांगता मिळणारा पर्याय तोच होता. आत गेलेली अक्षरं मात्र यूटीएफ-८ ची. देवनागरीचं एकेक चिन्ह तिथे तीन बाइट घेतं आणि लॅटिन-१ प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजतो. जुनं ॲप्लिकेशन जसं आत टाकी तसंच बाहेर काढी, म्हणून इतकी वर्षं कोणाला काही कळलं नाही. नव्या जोडणीने वाचताच ‘ओतूर’च्या चार चिन्हांची बारा निरर्थक रोमन अक्षरं समोर आली. घाईचा माणूस इथे तक्ता थेट यूटीएफ-८ मध्ये बदलतो आणि तो कचरा कायमचा करून ठेवतो. तिने तसं केलं नाही. आधी रकान्याचा प्रकार बायनरी केला, म्हणजे ही अक्षरं नव्हेत, नुसते बाइट आहेत. मग त्याच बाइटांना यूटीएफ-८ ही ओळख दिली. एकही बाइट न हलता ओतूर, मंचर, आळेफाटा अशी गावं ओळीने उभी राहिली. तिने ते पान बराच वेळ खालीवर करून पाहिलं.

जुना कोड तिने वाचला होता, पण दुरुस्तीला घेतलेल्या घरातलं सामान बघावं तसा, काय ठेवायचं आणि काय टाकायचं या नजरेने. हिशोबाच्या फाइलमध्ये मध्येच एखादी अट येई, तिचा संदर्भ लागत नसे. एके ठिकाणी तारीख बघून हिशोबाची रीत बदलत होती. एके ठिकाणी नऊ खातेक्रमांकांची यादी होती आणि त्यातला क्रमांक आला की फंक्शन काही न करता परत फिरे. एका फंक्शनचं नाव ‘बोऱ्हाडेफिक्स’ होतं. अशा जवळजवळ प्रत्येक ठिकाणी वर एकच टिप्पणी: ‘मेहताजी’, आणि पुढे कधी तारीख, कधी ‘फोनवर’. ते लिहिणाऱ्याचं नाव असावं असं तिने धरलं. नऊ खात्यांची यादी तिला चाचणीसाठी टाकून विसरलेली वाटली. तिने हिशोबाचं एकच स्वच्छ सूत्र लिहिलं, त्यावर चाचण्या लिहिल्या, त्या सगळ्या हिरव्या झाल्या. हिरव्या होणारच होत्या. सूत्रही तिच्या समजुतीतून आलेलं आणि चाचण्याही तिच्याच समजुतीतून.

फेब्रुवारीत तिने खऱ्या माहितीची प्रत चाचणीच्या सर्व्हरवर चढवली. ईएनव्ही फाइल जुन्या तपशिलावरून भरली आणि त्यात मेसेज पाठवणाऱ्या सेवेची किल्लीही आली, चालू असलेली, खरी. रात्री नऊला ठरलेलं काम आपसूक सुरू झालं: ज्यांच्याकडे उचल बाकी आहे त्यांना आठवण करून देणं. तिने सगळं तपासलं होतं, एवढंच राहिलं होतं.

पहाटे साडेपाचला पेढीवर फोन वाजला. तो उचलला मेहताजींनी. पेढीचे हिशोबनीस ते. आडनाव त्यांचं वेगळंच होतं, पण बाजारात हिशोब लिहिणाऱ्याला मेहताजी म्हणतात, आणि चाळीस वर्षं त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारली नव्हती. पलीकडे खेड तालुक्यातला एक मुलगा होता. “मेहताजी, रात्री मेसेज आलाय, उचल भरा म्हणून. आईच्या डोळ्याला डोळा नाही लागला. आजच पैसे पाठवायचे का, विचारतीय.”

मेहताजी म्हणाले, “नाही बाळा. चूक आमची झाली. आईला दे फोन.” मग त्या बाईंशी ते बोलत राहिले. पावसाचं विचारलं, धाकट्याच्या शाळेचं विचारलं, आणि त्यातच दोनदा माफी मागितली. तो फोन ठेवला आणि स्वतःहून आणखी आठ ठिकाणी केले. नऊ खाती त्यांना तोंडपाठ होती.

सकाळी ती मुलगी धावत आली. चेहरा पडलेला. आप्पा काही बोलायच्या आत मेहताजींनी तिला स्टूल दिलं. “बस पोरी. तुला कोणी सांगितलंच नव्हतं, तर तुला कळावं कसं?”

मग त्यांनी सांगितलं. त्या नऊ घरांतले कर्ते पुरुष गेले होते, कोणी आजाराने, कोणी अपघातात. मागे उचल राहिली होती. आप्पा सोडून द्यायला तयार होते, पण पहिल्याच बाई म्हणाल्या, माफी नको, जमेल तशी फेडते. आप्पा म्हणाले, मग आपण मागायची नाही. खात्यावर बाकी राहिली, कारण ती राहावी अशी त्या बाईंचीच इच्छा होती, आणि आठवणीचा मेसेज बंद झाला, कारण शब्द आप्पांचा होता. मेहताजींनी वाशीच्या त्या तरुणाला फोन करून क्रमांक सांगितले. त्याने कोडमध्ये लिहिलं: ‘मेहताजी, फोनवर’.

तिने लॅपटॉप उघडला, जुना कोड काढला आणि ‘मेहताजी’ हा शब्द शोधायला लावला. तेवीस ठिकाणी सापडला.

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटेची लोकल पकडून तुर्भ्याला येऊ लागली. गोण्या उतरत असत, माथाडी कामगारांच्या हाका चालू असत, आणि त्या गोंधळात गाळ्याच्या मागच्या टेबलावर ही दोघं एकेक ओळ घेऊन बसत. ती वाचून दाखवी, ते सांगत. कधी एका वाक्यात, कधी चहा संपेपर्यंत.

तारखेची ओळ निघाली. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तेव्हा बाजार बंद राहिला, बैठका झाल्या, शेवटी नवी रीत बसली. त्याआधीच्या पट्टीत अडत शेतकऱ्याच्या रकमेतून वजा होई, त्यानंतरच्या पट्टीत होत नाही. आता गंमत अशी की जुनं ॲप्लिकेशन बेरजा साठवून ठेवत नव्हतं. पट्टी उघडली की ते दर वेळी नव्याने हिशोब करी. म्हणून त्याला तारीख बघावी लागे. तिच्या एकाच स्वच्छ सूत्राने २०१६ आधीच्या साऱ्या पट्ट्यांतली अडत पुसली गेली होती, आणि कधीच चुकती झालेली शेकडो खाती पुन्हा उघडून पेढीच देणेकरी दिसत होती. मेहताजींनी चष्मा पुसून पडद्यावरच्या एका नावाकडे बोट दाखवलं. “या आजींचा हिशोब मी माझ्या हातानं पुरा केलाय. इथं त्यांना दोनशे बारा रुपये येणं दाखवतंय.” ते तिला एकाही चाचणीने सांगितलं नव्हतं.

बोऱ्हाड्यांचीही गोष्ट निघाली. हे आडनाव डोळ्यांना एकच दिसतं, पण टंकताना तीन तऱ्हांनी येतं. कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक लावतो, कोणी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेतो, कोणी ‘र’खाली नुक्ता देतो. बाइट तिघांचे निराळे. पेढीवरचा मुलगा एका कळफलकावर लिही, मेहताजी दुसऱ्यावर. मग शोधलं की नाव सापडत नसे आणि त्याच माणसाचं दुसरं खातं उघडलं जाई. एके दिवशी एका बोऱ्हाड्यांनी, माझा माल कुठे गेला म्हणून बाजारात येऊन विचारलं, तेव्हा ते फंक्शन जन्माला आलं.

काही ओळी खरंच टाकाऊ निघाल्या. दोन-तीन फक्त एका जुन्या प्रिंटरच्या हट्टासाठी होत्या, आणि तो प्रिंटर कधीच भंगारात गेला होता. मेहताजी म्हणाले, काढ. तिने काढल्या.

एका सकाळी तिने विचारलं, “मार्चअखेरीला जुनं बंद करून एका रात्रीत नवं सुरू केलं तर चालेल का?” मेहताजी हसले नाहीत. हा बाजार मुंबईतून इकडे आला ते त्यांनी पोरवयात पाहिलं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पहिला हलला तो कांदा-बटाटाच. मसाला आणि धान्य त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं आणि दाणाबंदर हे मुंबईतलं नावही सोबत घेऊन आलं. भाजी आणि फळं आली १९९६ मध्ये. वाशीला लोकल यायला १९९२ उजाडावं लागलं, तोवर खाडीवरच्या पुलावरून बसने यायचं.

“माल ट्रकवाल्यांनी इकडं आणला,” ते म्हणाले, “पण शेतकऱ्यांची पत्रं तिकडंच जात होती. ज्याला पेढी हलल्याचं ठाऊक नाही तो जुन्याच पत्त्यावर लिहिणार. आप्पांच्या वडिलांनी मशीद बंदरला एक टेबल ठेवलं आणि मला बसवलं. आलेली पत्रं रोज संध्याकाळी घेऊन मी इकडं यायचो. पत्रं बंद झाली तेव्हा टेबल उचललं.”

तिने त्याच दिवशी वेळापत्रक फाडलं. जुनं ॲप्लिकेशन आहे तसंच एका वेगळ्या लहान यंत्रावर हलवलं. बाहेरून त्याला वाट ठेवली नाही, फक्त पेढीतून वाचता येईल एवढंच. मग एक छोटी आज्ञा लिहिली. २०१२ पासूनची प्रत्येक पट्टी दोन्हीकडे काढायची, रक्कम ताडून बघायची, पैशाचाही फरक असेल तर यादीत टाकायचा. पहिल्या रात्रीची यादी वाचवत नव्हती. मग एकेका ओळीचं कारण नव्या कोडमध्ये जाऊ लागलं तशी ती आखडत गेली. शेतकऱ्यांच्या मोबाइलवर वर्षानुवर्षं गेलेल्या लिंकांत ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ असलेले लांबलचक पत्ते होते. ते सगळे तिने नव्या पानांकडे वळवले. कोणाकडे २०१४ चा मेसेज जपून ठेवलेला असेल तर त्यालाही त्याची पट्टी दिसली पाहिजे.

आणि जुन्या तरुणाने जे केलं नव्हतं ते तिने केलं. अडतीचा नियम कोडमध्ये न गाडता त्याचा तक्ता केला: कोणत्या तारखेपासून, कोणाकडून, का. नऊ क्रमांकांची यादी कोडमधून काढली आणि खात्याच्या पानावर एक खूण आणली: ‘मेसेज नको, फोन करावा’. शेजारी कारणाला जागा, आणि कोणाच्या सांगण्यावरून त्यालाही. खूण लावायचा आणि काढायचा अधिकार पेढीकडे. आता त्यासाठी प्रोग्रामर लागणार नव्हता. हे पान मेहताजींनी स्वतः भरलं, दोन बोटांनी, सावकाश.

मार्चअखेर गेली. एप्रिलमध्ये दोन्ही हिशोब शेजारीशेजारी चालले. फरकांच्या यादीत शेवटी उरली ती एकाच नावाची दिसणारी वेगवेगळी खाती. यंत्राला ती आपोआप जोडू द्यायची नाहीत, हे तिला आता कोणी सांगावं लागलं नाही. तिने जोड्या छापून आणल्या आणि मेहताजींपुढे ठेवल्या. हे बाप-लेक, वेगळे. हे एकच. हे चुलतभाऊ, गाव एक पण मळे दोन. एका जोडीपाशी त्यांची पेन्सिल थांबली. बोऱ्हाडे, तेच गाव, तोच फोन. दुसऱ्या खात्यावर एकच पट्टी होती, नोव्हेंबर २०१२ ची. ते फंक्शन येण्याआधीची. रक्कम तीन हजार चारशे ऐंशी, कधीच दिलेली नाही. जुनं ॲप्लिकेशन अकरा वर्षं ती बाकी इमानाने दाखवत होतं, पण त्या खात्यावर कोणी जातच नव्हतं.

मेहताजींनी फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, “आहे ना, माझ्या वहीत आहे. दोनदा विचारलं होतं. तुमच्या खात्यावर दिसत नाही म्हणाले. मग सोडलं. पण माल तुमच्याकडंच घालत राहिलो.”

मेहताजींनी फोन आप्पांच्या हातात दिला. आप्पा उभं राहून बोलले. फोन ठेवल्यावर म्हणाले, पैसे आजच गेले पाहिजेत.

तिने नव्या ॲप्लिकेशनमध्ये दोन्ही खाती जोडली आणि पट्टी उघडली. तारीख २०१२ ची, म्हणून तक्त्यातला जुना नियम लागला आणि अडत शेतकऱ्याच्या रकमेतून वजा झाली. मेहताजींनी पेन्सिलीने कागदावर ताडून पाहिलं. तीन हजार चारशे ऐंशी. जुळलं.

“यावर व्याज घाल,” आप्पा म्हणाले. “अकरा वर्षांचं. पेढीच्या खर्चातून.”

पट्टीत व्याजाला रकाना नव्हता, कारण आजवर पेढीला शेतकऱ्याचं व्याज देणं कधी लागलंच नव्हतं. तिने स्टूल पुढे ओढलं आणि नवी मायग्रेशन लिहायला घेतली. वरच्या टिप्पणीत काय लिहायचं ते तिने आप्पांना विचारलं, आणि ते सांगत गेले तसं पूर्ण लिहून घेतलं.